लिफाफा कोणाचा, कुलूप कोणाचं?

आमच्या सल्ला केंद्राचा ई-मेल गेली काही वर्षं प्रोटॉन या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीकडे आहे. व्हीपीएनही त्यांचंच. ते सोडून दुसरीकडे जायचं का, या एका विषयावर गटाच्या तीन बैठका झाल्या आणि तिन्हींत आवाज चढले. विषय काढणारी कार्यकर्ती आमच्यात सगळ्यात तरुण. तिचं म्हणणं सरळ होतं. "ताई, गोरेपणाच्या क्रीमवाल्यांचे पैसे आपण महिला दिनाला घेत नाही. मग ज्या कंपनीचा प्रमुख ट्रंपच्या पक्षाची तारीफ करतो, तिला दरवर्षी वर्गणी कशी भरतो?"

विषय तांत्रिक म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो. आज बहुतेक महिला गटांकडे केसेसची कागदपत्रं कपाटात कमी आणि ई-मेलमध्ये जास्त आहेत. मारहाणीचे फोटो, वैद्यकीय अहवाल, निवारागृहाचा पत्ता, मुलीने रात्री दोन वाजता लिहिलेला मजकूर, सगळं त्यात असतं. लोखंडी कपाट घेताना आपण कुलूप ओढून बघत होतो. इथेही बघायला हवं.

आधी घडलं काय ते सांगते. प्रोटॉन २०१४ साली जिनिव्हात सुरू झाली. सर्न या अणुसंशोधन संस्थेत भेटलेल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी लोकवर्गणी काढून ती उभी केली. पत्राचा मजकूर असा गुंतवून ठेवायचा की कंपनीलाही वाचता येऊ नये, ही तिची मूळ कल्पना. डिसेंबर २०२४ मध्ये निवडून आलेल्या ट्रंप यांनी मक्तेदारीविरोधी खात्यासाठी गेल स्लेटर यांचं नाव जाहीर केलं. तेव्हा प्रोटॉनचे प्रमुख अँडी येन यांनी एक्सवर त्या निवडीचं कौतुक केलं. वर असंही म्हटलं की, दहा वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्ष बड्या उद्योगांचा होता आणि डेमोक्रॅट छोट्या माणसांचे, आता पारडं पूर्ण उलटलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये यावर गदारोळ उठला. कंपनीच्या अधिकृत खात्यावरूनही याच सुरात एक मजकूर आला आणि मग काढून टाकण्यात आला. नंतर येन यांनी खुलासा केला की यापुढे कंपनीच्या खात्यांवरून राजकीय मतं मांडली जाणार नाहीत.

ज्या पक्षाच्या अध्यक्षाने नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या जोरावर २४ जून २०२२ रोजी अमेरिकेतल्या बायकांचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, तो पक्ष छोट्या माणसांचा म्हणायचा! गुगल-ॲपलची मक्तेदारी मोडावी हे येन यांचं दुखणं मला समजतं. त्यांच्या धंद्याला त्याचा जाच आहे. पण 'छोटा माणूस' म्हणताना त्यांच्या डोळ्यासमोर छोटा उद्योजक होता, बाई नव्हती. असा माणूस आपल्याला इथल्या पक्षांतही पावलोपावली भेटतो. आपण त्याचं भाषण ऐकून घेतो, फक्त त्याच्या मागे जात नाही.

म्हणून आमच्या तरुण मैत्रिणीचा राग मला मान्य आहे. पण त्या रागावरून कंपनी सोडावी हे मान्य नाही. का ते सांगते.

खाजगी पत्रं कोणाच्या हातात पडली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतच नेब्रास्कात घडलं. २०२२ साली तिथल्या पोलिसांनी एका आईच्या आणि तिच्या अल्पवयीन मुलीच्या फेसबुकवरच्या गप्पा कोर्टाच्या वॉरंटने मागवल्या. गर्भपाताच्या गोळ्यांविषयी त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते त्यात होतं. कंपनीने मजकूर दिला, कारण तो तिला वाचता येत होता. २०२३ साली आईला दोन वर्षांची शिक्षा झाली. आता विचार करा: फेसबुकचा मालक तेव्हा स्त्रियांच्या हक्कांवर कितीही गोड बोलला असता, तर काय फरक पडला असता? मजकूर त्याच्याकडे होता. मागितला. द्यावा लागला. त्याचं मत काय आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

कंपनीचा प्रमुख काय बोलतो हे मी ऐकेन, पण आधी विचारेन की त्याला आपलं काय काय दिसतं आणि कोणत्या सरकारच्या हुकमाने ते त्याला द्यावं लागेल.

या कसोटीवर प्रोटॉन पूर्ण उतरते असं नाही. २०२१ साली पॅरिसमध्ये हवामान बदलाच्या प्रश्नावर आंदोलन करणाऱ्या तरुणांच्या मागे फ्रेंच पोलीस लागले होते. त्यांनी युरोपोलमार्फत स्विस अधिकाऱ्यांना गाठलं, स्विस अधिकाऱ्यांनी प्रोटॉनला हुकूम काढला, आणि प्रोटॉनने त्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे कुठल्या जोडणीवरून ते उघडलं जातं, याची नोंद करून दिली. पत्रांतला मजकूर गेला नाही, पण माणसं सापडली. त्यानंतर 'आम्ही आयपीची नोंद ठेवत नाही' या अर्थाचं मुखपृष्ठावरचं वाक्य कंपनीने बदललं. २०२४ साली स्पेनमधल्या कॅटलान चळवळीच्या एका प्रकरणात, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला दुसरा ई-मेल पत्ता अशाच मार्गाने पोलिसांपर्यंत गेला. कंपनी दरवर्षी स्वतःच आकडे छापते. २०२३ या एका वर्षात तिला सहा हजारांहून जास्त हुकूम आले आणि त्यातले बहुतेक तिने पाळले.

मला ट्रंपच्या कौतुकापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं. आमच्या गटात मात्र उलटं झालं. कौतुकावर दोन तास चर्चा आणि या हुकमांवर दहा मिनिटं.

आणखी एक गोष्ट बहुतेकींना ठाऊक नसते. प्रोटॉनमध्ये पत्राचा मजकूर बंद असतो, पण विषयाची ओळ तशी बंद नसते. कोणी, कोणाला, कधी पत्र लिहिलं तेही कंपनीला दिसतं, कारण त्याशिवाय पत्र पोचणारच नाही. आमच्याकडे एका कार्यकर्तीला विषयाच्या ओळीत बाईचं पूर्ण नाव, गाव आणि 'कलम ४९८ अ' असं लिहायची सवय होती. लिफाफ्यावरच सगळी कहाणी! आता आम्ही विषयात फक्त नोंदवहीतला क्रमांक लिहितो. कंपनी न बदलता, एक पैसा न खर्च करता झालेला हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो.

शिवाय प्रोटॉनचं कुलूप दोन्ही टोकांना प्रोटॉन असेल तरच आपोआप लागतं. आम्ही पत्रं कोणाला लिहितो? संरक्षण अधिकाऱ्यांना, विधी सेवा प्राधिकरणाला, ठाण्याला, वकिलांना, दुसऱ्या गटांना. यातले बहुतेक जीमेलवर. आमच्याकडची प्रत कुलूपबंद, त्यांच्याकडची प्रत गुगलच्या कपाटात उघडी. पत्राला वेगळा परवलीचा शब्द लावून पाठवायची सोय आहे, पण तो शब्द फोन करून सांगावा लागतो आणि कोर्टाच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी एवढी उसंत कोणाला असते? म्हणून बाईचा जबाब, फोटो, पत्ता असलेले कागद आम्ही आता हाताने देतो. दहा किलोमीटर एसटीने जावं लागलं तरी.

दुसऱ्या बैठकीत पर्यायांचा विचार झाला. एक जण म्हणाली, परदेशी कंपनी कशाला, देशातलीच घेऊ. ई-मेलचं बाजूला ठेवू, व्हीपीएनचं ऐका. व्हीपीएन म्हणजे आपली पत्रं गावच्या पोस्टात न टाकता बंद पेटीतून परगावी नेऊन तिथून टाकणारा निरोप्या. गावच्या पोस्टाला, म्हणजे आपल्याला इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, फक्त पेटी दिसते. पण निरोप्याला सगळे पत्ते दिसतात. म्हणजे विश्वास नाहीसा होत नाही, एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने निर्देश काढले की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी आणि व्हीपीएन घेण्याचं कारणसुद्धा पाच वर्षं नोंदवून ठेवावं. कारणसुद्धा! त्या वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड यांनी आपले भारतातले सर्व्हर बंद केले, सप्टेंबरमध्ये प्रोटॉननेही केले. तेव्हा देशातला निरोप्या घ्यायचा तर तो वही घेऊनच येणार. २०२५ साली जम्मू-काश्मीरमध्ये डोडा जिल्ह्यात तर व्हीपीएन वापरण्यावरच बंदीचा हुकूम निघाला. तिथल्या बायकांनी आपल्या गटाशी बोलायचं कसं, हा प्रश्न हुकूम काढणाऱ्याला पडला नसावा.

मग कोणीतरी म्हणालं, जिची जाहिरात जिथे तिथे दिसते ती घेऊ, एक्सप्रेसव्हीपीएन. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण नैतिकतेचा खरा प्रश्न मला इथे दिसला.

सप्टेंबर २०२१ मधली गोष्ट. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने एक्सप्रेसव्हीपीएन ९३ कोटी ६० लाख डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. केपचं पूर्वीचं नाव क्रॉसरायडर. लोकांच्या संगणकात जाहिराती घुसवण्यासाठी वापरल्या गेलेल्या सॉफ्टवेअरमुळे ते नाव बदनाम झालेलं होतं. सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस ही व्हीपीएनही त्यांनी आधीच घेतली होती आणि व्हीपीएनची परीक्षणं छापणारी कंपनीसुद्धा. म्हणजे दुकानही त्यांचं आणि 'हे दुकान चांगलं' असं सांगणारी शेजारीणही त्यांचीच.

त्याच आठवड्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने एक तडजोड जाहीर केली. अमेरिकी गुप्तचर खात्यांतून बाहेर पडलेल्या तिघांनी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारसाठी लोकांचे फोन फोडायचं काम केलं होतं. खटला टाळण्यासाठी तिघांनी मिळून सुमारे १६ लाख ८० हजार डॉलर भरायचं कबूल केलं. तिघांतले एक डॅनियल गेरिके तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनमध्ये वरिष्ठ पदावर होते. कंपनीने त्यांची पाठराखण केली. त्यांच्या जुन्या नोकरीच्या मुख्य बाबी नेमणुकीआधीच माहीत होत्या, असं सांगितलं. घर फोडणाऱ्यालाच कुलूप चांगलं करता येतं, असा काहीसा युक्तिवाद.

या कामाला 'प्रोजेक्ट रेव्हन' म्हणत. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१९ मध्ये ते उघडकीला आणलं. पाळत ठेवलेल्यांत एक नाव होतं लुजैन अल्-हथलूल. सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवता यावी म्हणून लढणारी, पुरुष पालकाच्या परवानगीच्या प्रथेविरुद्ध बोलणारी ही मुलगी. मे २०१८ मध्ये तिला अटक झाली. पुढच्याच महिन्यात बायकांच्या गाडी चालवण्यावरची बंदी उठली आणि ती उठावी म्हणून लढलेली तुरुंगात राहिली. तिथे आपला छळ झाला असं तिने सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती सुटली. डिसेंबर २०२१ मध्ये तिने अमेरिकेच्या कोर्टात त्या तिघांवर आणि त्यांना कामाला ठेवणाऱ्या डार्कमॅटर कंपनीवर दावा लावला. आपला फोन फोडल्यामुळे आपल्याला पकडून सौदीच्या हवाली करणं शक्य झालं, असा तिचा आरोप आहे.

येन यांचं वाक्य आणि हा प्रकार, दोन्हींना 'नैतिक आक्षेप' असा एकच शब्द लावून चालणार नाही. एकाने नको ते मत व्यक्त केलं. दुसऱ्या ठिकाणी, स्त्री हक्कांच्या कार्यकर्तीच्या फोनवर पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेत काम केलेला माणूस खाजगीपणा विकणाऱ्या कंपनीत खुर्चीवर बसला आणि कंपनीला त्यात वावगं वाटलं नाही. पहिल्याला मी पत्र लिहीन. दुसऱ्याच्या दारात जाणार नाही. आमच्या तरुण मैत्रिणीला मी हेच म्हटलं. ती म्हणाली, "मग ताई, दोन्ही सोडू." तिच्या वयाला शोभणारंच उत्तर. पण मग उरतं कोण?

उरतात त्यांतली एक रायझप. सिएटलमधला १९९९ पासूनचा हा गट आहे. डाव्या, पर्यायी चळवळींना ई-मेल पुरवतो आणि देणग्यांवर चालतो. मनाने सगळ्यात जवळचे हेच. आधीपासून असणाऱ्याने बोलावल्याशिवाय खातं मिळत नाही. २०१७ साली त्यांनी उघड केलं की एफबीआयच्या दोन गोपनीय वॉरंटांपुढे त्यांना मान तुकवावी लागली होती आणि बोलायलाही बंदी होती. एक प्रकरण खंडणीखोरांचं, दुसरं संगणक ओलीस धरणाऱ्यांचं. म्हणजे चळवळीची खाती नव्हेत. पण कायद्यापुढे समविचारी गटही कंपनीइतकाच उघडा असतो हे त्यातून दिसलं. त्यानंतर त्यांनी ग्राहकांची पत्रं स्वतःलाही वाचता येणार नाहीत अशी साठवायला सुरुवात केली. शिवाय त्यांची यंत्रं अमेरिकेच्या कायद्याखाली आहेत, आणि ट्रंपच्या कौतुकाला कंटाळून ट्रंपच्या राज्यात जायचं यात काही तरी विनोद आहे. जर्मनीत हॅनोव्हरची टुटा आहे. ती विषयाची ओळही गुंतवून ठेवते, हा मोठा गुण. पण २०२० मध्ये कोलोनच्या कोर्टाने एका खात्यावर नजर ठेवायची सोय करायला तिलाही भाग पाडलंच.

कायदा मोडणारी कंपनी मिळणार नाही. लावाबिट नावाची एक होती. स्नोडेन यांनी वापरलेली. सरकारने सगळ्यांच्या कुलपाची किल्ली मागितली तेव्हा ऑगस्ट २०१३ मध्ये मालकाने दुकानच बंद केलं. शूर माणूस. पण सकाळी उठून खातं बंद दिसणाऱ्या ग्राहकाच्या जागी आमच्या केंद्रातली बाई असती तर?

व्हीपीएनच्या बाबतीत मात्र एक चांगलं उदाहरण सापडलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातलं मुलवाद. (स्वीडिश भाषेत हे बिळं करून जमिनीखाली राहणाऱ्या एका प्राण्याचं नाव आहे.) ते नाव मागत नाहीत, ई-मेल मागत नाहीत. एक लांबलचक क्रमांक देतात, तेच खातं. महिन्याला पाच युरो, वर्षानुवर्षं तोच भाव, वार्षिक सवलतीचं आमिष नाही. पाकिटात नोट घालून पाठवली तरी घेतात. आमच्या तालुक्यात युरोची नोट कुठून आणायची हा भाग वेगळा. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कचेरीत आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक न्यायचे होते. अशी माहिती आम्ही ठेवतच नाही, हे कंपनीने दाखवून दिलं आणि पोलीस रिकाम्या हाताने परत गेले. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत वयस्क कार्यकर्ती म्हणाली, "हे आपल्या जुन्या रीतीसारखं झालं. नाव विचारायचंच नाही, म्हणजे सांगायची पाळी येत नाही."

आता ज्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त वाद हवा होता आणि जो आमच्या बैठकीत शेवटी घाईत उरकला, त्याकडे येते. २९ एप्रिल २०२५ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने केंद्र सरकारला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली भारतात प्रोटॉन मेल बंद करण्याची कारवाई सुरू करायला सांगितलं. कशावरून? एका खाजगी कंपनीतल्या बायकांना लक्ष्य करून अश्लील, घाणेरडे ई-मेल पाठवले गेले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बनावट चित्रंही होती. पाठवणारा प्रोटॉनच्या खात्याआड लपला होता. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या शाळांना बाँबच्या खोट्या धमक्या आल्या तेव्हाही बंदीची तयारी झाली होती. स्विस अधिकाऱ्यांच्या मध्यस्थीने तेव्हा ती टळली.

म्हणजे जे कुलूप आमच्या केंद्रातल्या बाईला नवऱ्यापासून वाचवतं, तेच कुलूप ऑफिसमधल्या बाईचा छळ करणाऱ्यालाही वाचवतं. खाजगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्या पुरुष मित्रांना हा पेच फारसा जाणवत नाही, असा माझा अनुभव आहे. ते म्हणतात, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण आपल्या चळवळीला खाजगीपणाची दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. 'घरातला मामला' म्हणून ठाण्यातून परत पाठवलेल्या किती बायका आपण पाहिल्या! त्या चार भिंतींच्या खाजगीपणाविरुद्धच आपण जे खाजगी ते राजकीय म्हणालो. म्हणूनच २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांचा पुट्टास्वामी निकाल मी पुन्हा काढून वाचला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना न्यायालयाने स्त्रीवादी आक्षेपाची दखल घेतली आहे: खाजगीपणाच्या आड बाईवरचा अन्याय झाकला जाता कामा नये, पण म्हणून बाईच्या स्वतःच्या खाजगीपणाचं रक्षण सोडताही येणार नाही. हक्क घराला नाही, कुटुंबाला नाही, तिला आहे.

हे धरून चाललं तर बंदीचं काय? मी बंदीच्या विरोधात आहे. छळ करणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीत खातं उघडेल, बंद होतील ती आमच्यासारखी केंद्रं. आणि ज्या पोलिसांनी स्विस सरकारमार्फत रीतसर विनंती करून माणूस शोधायचा, त्यांची त्या कटकटीतून सुटका होईल. फ्रेंच पोलिसांना आंदोलक सापडतात, मग आपल्या पोलिसांना बाईचा छळ करणारा का सापडू नये? वाट तीच आहे, फक्त कागद लांब आहे. बाईच्या तक्रारीसाठी तेवढा लांब कागद करायची तयारी कोणाची नाही, हे खरं दुखणं.

पण प्रोटॉनलाही मी सोडणार नाही. अश्लील चित्रं पाठवणारं खातं बंद करायला मजकूर उघडावा लागत नाही, ज्या बाईला ते आलं ती स्वतः दाखवू शकते. तिची तक्रार किती तासांत पाहिली जाते? पाहणारा माणूस कुठे बसतो, आपल्या भाषा त्याला येतात का? ट्रंपवरच्या मतापेक्षा मला त्यांच्याकडून याचं उत्तर हवं आहे. जून २०२४ मध्ये त्यांनी ना-नफा प्रतिष्ठान स्थापून ते कंपनीचं मुख्य भागधारक केलं. नफ्यापेक्षा लोकहित वर, असं सांगितलं. ठीक आहे. मग त्या लोकांत या बायका येतात का, हेही विचारायला हवं.

तिसऱ्या बैठकीत आमच्या वकील मैत्रिणीने एक आठवण करून दिली. मथुरा प्रकरणाच्या निकालावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार त्या पत्राने देशासमोर आणला. ते पत्र उघडं होतं, सह्यांसकट. चळवळीचं बळ उघडेपणात आहे, तुम्ही कुलपांच्या फार नादी लागलात, असं तिचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. पत्र लिहिणाऱ्यांनी आपली नावं उघडी केली, ते त्यांचं धैर्य. आपल्या केंद्रात येणारीचं नाव उघडं करायचा हक्क आपल्याला नाही.

आणि कुलूप कितीही चांगलं असलं तरी खिडकीतून शिरता येतं. भीमा कोरेगाव प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या संगणकात २०१६ साली, ओळखीच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधून घातक सॉफ्टवेअर शिरलं आणि पुढे त्यातून कागदपत्रं पेरली गेली. तिथे स्विस कुलूप काय करणार? आमच्या केंद्रात येणाऱ्या बाईचा तर फोनच नवऱ्याच्या नावावर असतो, आणि सासूला त्याचा पॅटर्न माहीत असतो. तिच्यासाठी पहिला प्रश्न प्रोटॉन की टुटा हा नाही. निरोप वाचून झाल्यावर पुसता येतो का, हा आहे.

शेवटी आम्ही ठरवलं ते असं. ई-मेल या वर्षी हलवायचा नाही. तो पत्ता शंभरावर बायकांच्या पाठ झालेला आहे, काहींनी तो ओट्याच्या फळीमागे लिहून ठेवला आहे. तो बंद झाला तर त्या आम्हाला पुन्हा शोधणार नाहीत. व्हीपीएन मात्र हलवायचं, कारण ते कोणालाच पाठ नाही. वर्गणी संपली की मुलवादकडे जायचं, पाचशे रुपयांच्या आसपास महिन्याचा खर्च आहे आणि तो छपाईच्या खात्यातून काढायचा. तरुण मैत्रिणीने ठरावाच्या विरोधात मत दिलं आणि ते तसं नोंदवलं आहे.

प्रोटॉनच्या प्रतिष्ठानाला एक पत्र जायचं आहे, बायकांच्या छळाच्या तक्रारींबद्दल, मराठीत आणि इंग्रजीत. मसुदा तिनेच करायला घेतला आहे. ज्या गटांना त्यात आपले अनुभव घालायचे आहेत किंवा सही करायची आहे, त्यांनी पुढच्या अंकाआधी कळवावं. पोस्टाने कळवलं तरी चालेल, पण विषयात बाईचं नाव लिहू नका.